सकाळी चहाआधी अंगण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चहा कायमचा सोडायचा का?

नाही. इथे सांगितलंय ते एवढंच: उठल्यावर पहिल्यांदा आधणाकडे न वळता दाराबाहेर पडायचं. अंगण, गच्ची, सोसायटीचं आवार, जवळची टेकडी, जे असेल ते. उजेड आणि हालचाल या दोन गोष्टींनी शरीर जागं होतं. चहा फक्त झोपेची जाणीव दाबतो. बाहेरून आल्यावर चहाची तलफ राहिली तर खुशाल घ्या. पुष्कळांची दोन-तीन आठवड्यांत आपोआप अर्ध्या कपावर येते, काहींची येत नाही. त्यात पाप-पुण्य काही नाही.

पण चहा घेतल्यावर तरतरी येते, ती काय खोटी?

खरीच असते, पण तिचं येणं वेगळ्या वाटेने होतं. आपण जागे असताना मेंदूत ॲडिनोसीन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. ॲडिनोसीन तिथेच असतं, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. कॅफीन उतरलं की साचलेली सुस्ती एकदम अंगावर येते. अकरा वाजता दुसऱ्या चहाची आठवण होते ती यामुळेही.

दुसरी गोष्ट रोज चहा घेणाऱ्यांची. रात्रीच्या शेवटच्या कपापासून सकाळपर्यंत दहा-बारा तास शरीर कॅफीनविना असतं. सकाळी डोकं जड, चिडचिड, डोळ्यांवर झापड, यातला बराच भाग झोपेचा नसून कॅफीन न मिळाल्याचा असतो. पहिला कप ती उणीव भरून काढतो आणि आपल्याला वाटतं, चहाने उठवलं.

कॅफीन शरीरात किती वेळ राहतं?

निरोगी माणसात साधारण पाच तासांनी त्यातलं निम्मं उरतं, पुढच्या पाच तासांनी त्याचं निम्मं. माणसागणिक हा काळ तीन ते सात तास असा बदलतो. सिगारेट ओढणाऱ्यांत तो कमी असतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत जवळजवळ दुप्पट आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही लांब. म्हणून संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही अंगात असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तर झोप तासाभराहून जास्त घटली. तो डोस मोठा होता, पण दिशा तीच. सकाळ सुधारायची असेल तर सुरुवात आदल्या दिवशीच्या चारच्या चहापासून करावी लागते.

माझ्या कपात कॅफीन असतं तरी किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटरच्या कपामागे दिलेले आकडे असे: चहा ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफी ५० ते ६५, दळलेल्या कॉफीची ८० ते १२०. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. टपरीवरचं कटिंग कपापेक्षा बरंच लहान, पण पत्ती इतकी उकळलेली असते की मापावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

त्याच मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. पोहे आणि चहा ही आपली लाडकी जोडी त्यात सापडते. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर गोळीचा बराचसा भाग वाया जातो.

ठीक. मग सकाळी नेमकं करायचं काय?

पहिला पाऊण तास असा ठेवा.

१. गजर झाला की पाय जमिनीवर. ‘अजून पाच मिनिटं’ असं करत तुकड्या-तुकड्याने झोपलं तर जडपणा वाढतो. झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं मेंदू मंद असणं स्वाभाविक आहे. त्या वेळी ‘आज जमणार नाही’ असा निर्णय घेऊ नका.

२. तोंड धुऊन फुलपात्रभर पाणी, २५० मिलिलिटरच्या आसपास. कोमट किंवा साधं, जसं आवडेल तसं. उषःपान म्हणून तांब्याभर पाणी घटाघटा पिण्याची गरज नाही. त्याने मळमळतं आणि चालताना पोट डुचमळतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं माप पाळा.

३. उठल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. कपडे आणि बूट रात्रीच काढून ठेवा. सकाळी मोजे शोधण्यात गेलेली पाच मिनिटं ही चालणं बुडण्याची सगळ्यात मोठी सबब आहे.

४. वीस ते तीस मिनिटं मोकळ्या आकाशाखाली. पहिली पाच मिनिटं रमतगमत, मग वेग.

५. परत आल्यावर पाणी, थंड पाण्याने तोंड-मान, मग आंघोळ आणि नाश्ता.

मोबाइल घरी ठेवता आला तर उत्तम. हातात असला की मान खाली जाते आणि आकाशाऐवजी पडदा दिसतो.

उजेडाचं एवढं काय? घरात ट्यूबलाइट असतेच की.

इथे आकडे पाहिल्याशिवाय पटत नाही. घरातल्या दिव्यांचा उजेड डोळ्यांपाशी साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, चांगल्या ऑफिसात ३०० ते ५००. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार लक्स सहज मिळतात आणि लख्ख उन्हात आकडा एक लाखापर्यंत जातो. डोळा इतका चटकन जुळवून घेतो की हा फरक आपल्याला जाणवतच नाही. त्यामुळे ‘घरात छान उजेड आहे’ हे वाक्य शरीराच्या घड्याळापुरतं जवळजवळ निरर्थक आहे.

डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन हे द्रव्य असतं, ते निळसर उजेडाला प्रतिसाद देतं. या पेशी चित्र दाखवत नाहीत. दिवस उजाडला एवढा निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाला देतात. सकाळी तो निरोप ठळक पोचला की रात्री झोपही वेळेवर येते. शरीरातलं हे घड्याळ पेशीच्या पातळीवर कसं चालतं हे उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं.

खिडकीत बसून चालेल का? नाइलाज असेल तर हो, पण काचेला खेटून. काचेपासून दोन-तीन पावलं आत आलात की उजेड झपाट्याने घटतो. बाल्कनी त्याहून बरी, गच्ची सर्वांत चांगली.

गॉगल सकाळच्या या अर्ध्या तासात नको. नंबरचा चष्मा राहू द्या. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर सांगतील तेच.

म्हणजे उगवत्या सूर्याकडे बघायचं?

नाही, अजिबात नाही. सूर्याकडे रोखून पाहिल्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होते. पडद्याला वेदना नसतात, म्हणून ती होताना कळत नाही. नंतर दिसण्याच्या मधोमध डाग पडतो आणि तो काही जणांत कायम राहतो. अर्घ्य देताना नजर पाण्यावर किंवा खाली ठेवा. आपल्याला हवा आहे तो आकाशाचा पसरलेला उजेड. सूर्य पाठीशी असला तरी काम होतं.

कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळतं, त्यासाठीच तर जातो आम्ही!

हा गैरसमज घरोघरी आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला अतिनील किरणांचा एक विशिष्ट पट्टा लागतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना ते किरण वातावरणातून तिरके येतात आणि वाटेतच गाळले जातात. सातचं ऊन अंगाला गोड लागतं, घड्याळ लावतं, पण ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत त्याचा उपयोग नगण्य.

साधी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरण अपुरे, आखूड असेल तर पुरेसे. आपल्याकडे ती वेळ साधारण दहानंतर येते. तेव्हा हात-पाय उघडे ठेवून दहा ते वीस मिनिटं बसावं लागतं, सावळ्या त्वचेला त्याहून जास्त. काचेतून हे किरण येत नाहीत. विदर्भात मे महिन्यात अर्थातच हा प्रयोग करू नये. रक्ततपासणीत कमतरता मोठी निघाली असेल तर उन्हावर विसंबू नका, डॉक्टरांनी दिलेली मात्रा घ्या. आणि आठवड्याची गोळी रोज घेण्याचा उत्साहही नको. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

ब्राह्ममुहूर्तावर उठलं तर जास्त फायदा?

ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होणारी ४८ मिनिटं. तेव्हा अंधार असतो. शांतता, ध्यान, अभ्यास यासाठी वेळ छानच, पण उजेडाचं काम त्यात होत नाही. साडेचारला उठून सहाला घरात आलात तर व्यायाम घडला, सकाळ मात्र डोळ्यांना दिसलीच नाही. आणि रात्री साडेबाराला झोपून साडेचारला उठणं म्हणजे चार तासांची झोप; तिची भरपाई कुठलीही टेकडी करत नाही. मोठ्या माणसाला किमान सात तास हवेत.

वेळ ठरवताना गाव बघा. भारताचं एकच घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाला. नागपुरात तो मुंबईपेक्षा सरासरी पंचवीस मिनिटं आधी येतो. त्यामुळे ‘रोज सहाला फिरायला’ हा नियम नागपुरात उन्हाळ्यात योग्य, मुंबईत हिवाळ्यात अंधारातला. घड्याळाऐवजी उजाडण्याला धरून चाला.

किती वेगाने चालायचं?

पंधरा सेकंदांत पावलं मोजा. पंचवीस भरली म्हणजे मिनिटाला शंभर. मध्यम व्यायामाची ही सुरुवात. दुसरी कसोटी: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास हा खालचा टप्पा.

टेकडी असेल तर चढाने हे काम लवकर होतं. पुण्यातल्या वेताळ टेकडी-पर्वतीला जाणारे बहुतेक लोक चढताना जोर लावतात आणि उतरताना धावतात. गुडघे दुखतात ते उतरताना. उतारावर पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, मुरमाड वाटेवर घसरू नये म्हणून खाचांच्या तळाचे बूट घाला.

ग्रुपमध्ये गप्पा मारत हळूहळू चालणं वाईट नाही, फक्त त्याला व्यायाम समजू नका. उजेड मिळाला, मन मोकळं झालं, इतकं त्याच्या नावावर लिहावं. शेवट मात्र अमृततुल्यवर कडक चहा आणि क्रीमरोलने होत असेल तर सगळ्या खटाटोपाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

चालण्याऐवजी सूर्यनमस्कार चालतील?

चालतील, गच्चीवर तर झकासच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये ते रुजवले, तेव्हापासून मराठी घरांना ते परके नाहीत. नवशिक्यांनी चार ते सहा नमस्कारांपासून सुरू करून दर आठवड्याला दोन वाढवत बारावर यावं. एका नमस्काराला वीस-तीस सेकंद द्या.

चुकतं ते असं. घाईत ‘आकडा’ गाठताना पाय मागे नेल्यावर कंबर खाली लोंबते आणि पाठ धरते; पोट आवळून टाचांपासून डोक्यापर्यंत सरळ रेषा ठेवा. मनगट दुखत असेल तर सगळा भार तळहाताच्या टाचेवर पडतोय. बोटं फाकवून ती जमिनीत रोवा. वर पाहताना मान झटक्याने मागे टाकू नका. हर्निया, मणक्याची सरकलेली चकती, आटोक्याबाहेरचा रक्तदाब किंवा पोटाची नुकती शस्त्रक्रिया असेल तर विचारल्याशिवाय करू नये. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ असतं. तिथे सतरंजीसुद्धा सरकते.

चहा कमी केला आणि डोकं ठणकायला लागलं. काय करू?

हे अपेक्षित आहे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि दोन ते नऊ दिवसांत जाते. सोबत सुस्ती, चिडचिड, कामात लक्ष न लागणं, क्वचित मळमळ. यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, रक्तवाहिन्या आणि मेंदू जुळवून घेत असतात.

एकदम बंद करण्यापेक्षा पायऱ्यांनी उतरा. दिवसाला चार कप घेणाऱ्याने पहिले तीन दिवस संध्याकाळचा कप सोडावा. पुढचे तीन दिवस दुपारचा अर्धा करावा, मग तो सोडावा. नंतर सकाळच्या दोन कपांकडे वळावं. इथे कप कमी करण्यापेक्षा पत्ती कमी करणं सोपं: दोन कपांना दोन सपाट चमचे पडत असतील तर दीड, चार दिवसांनी एक. आलं आणि गवती चहा तेवढाच ठेवा म्हणजे चव पडत नाही. पत्ती कमी केली म्हणून जास्त वेळ उकळायचा मोह होतो; तसं केल्याने चहा कडवट, तुरट होतो आणि कॅफीनही जास्त उतरतं. दोन ते तीन आठवड्यांत हा उतार पूर्ण होतो.

डोकं असह्य झालं तर दोन घोट चहा घ्या, अर्ध्या-पाऊण तासात उतरेल. गोळी घेणार असाल तर पाकीट वाचा: डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांत कॅफीन मिसळलेलं असतं. चहा सोडून ती गोळी रोज घेणं म्हणजे पुढच्या दाराने काढून मागच्या दाराने आत घेणं. डोकेदुखी अचानक आणि कधी नव्हे इतकी तीव्र आली, बोलणं अडखळलं किंवा हातापायातलं बळ गेलं तर तो चहाचा विषय नाही. थेट दवाखाना गाठा.

चहा घेतल्याशिवाय पोटच साफ होत नाही.

हा प्रश्न लोक सगळ्यात हळू आवाजात विचारतात आणि चहा न सोडण्याचं खरं कारण बहुधा हेच असतं. रिकाम्या पोटात काहीही गरम गेलं की मोठ्या आतड्याला चालना मिळते. चहाच्या कपात ऊब, पाणी, ठरलेली वेळ आणि वर कॅफीनचा धक्का हे सगळं एकत्र येतं. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी चहाशिवायही देता येतात.

कपभर गरम पाणी चहासारखंच फुंकून, घोट घोट घ्या. मग दहा मिनिटं घरात किंवा आवारात चाला आणि ठरल्या वेळी जाऊन बसा, कळ आली नसली तरी. दहा मिनिटांपेक्षा जास्त कुंथत बसू नका. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्या. आठवडाभर रात्रीच्या जेवणात पालेभाजी, भाकरी, एखादं फळ वाढवा. इसबगोल घेणार असाल तर चमचाभर पूर्ण ग्लास पाण्यात, आणि वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर उलट दाटतं. सवय बदलायला दहा-बारा दिवस लागतात. तोपर्यंत बाहेर जाताना वाटेतलं स्वच्छतागृह माहीत असलेलं बरं.

चहाच्या जागी काय प्यावं?

आधी गवती चहाचा घोळ मिटवू. गवती चहा हे गवत आहे, चहाच्या झुडपाशी त्याचा संबंध नाही आणि त्यात कॅफीन नाही. पण आपण तो पत्तीबरोबर उकळतो, म्हणून ‘मी गवती चहाच घेतो’ म्हणणाऱ्याच्या कपात चहा असतोच.

नुसता करायचा असेल तर दोन कप पाण्याला हातभर लांबीची चार-पाच पाती. पात्यांच्या कडा बोट कापतात. ओढून तोडू नका, कात्रीने बुडाच्या थोडं वर कापा. धुऊन गुंडाळा, गाठ मारा म्हणजे गाळताना तुकडे येत नाहीत. पाणी उकळलं की गाठ आणि पेरभर ठेचलेलं आलं टाकून पाच मिनिटं झाकण ठेवून उकळा. झाकण नसेल तर वास खोलीत पसरतो आणि कपात काही उरत नाही. गूळ घालायचा तो गॅस बंद करून. दूध नकोच, चव मरते.

भूक लागत असेल तर नाचणीची आंबील. रात्री दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी दीड वाटी पाणी उकळून त्यात ते ओता आणि पाच-सात मिनिटं ढवळत शिजवा. कोरडं पीठ गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, त्या फुटत नाहीत. कोमट झाल्यावरच ताक, मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण. उकळत्या आंबिलीत ताक घातलं की फुटतं.

धणे-जिऱ्याचं पाणी, तुळशीचा काढा, कोकमाचं पाणी हेही चालतं. ज्येष्ठमध मात्र रोज नको. तो जास्त दिवस घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. लिंबूपाणी घेतलंत तर लगेच ब्रश करू नका, आम्लाने दातांचं कवच त्या वेळी मऊ झालेलं असतं. आधी चूळ भरा.

ग्रीन टी आणि ‘कॅफीनमुक्त’ कॉफी?

ग्रीन टीत कॅफीन असतं, काळ्या चहापेक्षा थोडं कमी इतकंच. कॅफीन काढलेल्या कॉफीतही कपामागे काही मिलिग्रॅम उरतं. चिकोरीत नसतं, पण बाजारातल्या फिल्टर कॉफीच्या पुड्यात चिकोरीबरोबर कॉफी असतेच.

रिकाम्या पोटी चालू का? गोळ्यांचं काय?

निरोगी माणसाला अर्धा तास रिकाम्या पोटी चालायला हरकत नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर मात्र सावध. आधी साखर मोजा, थोडं खाऊन निघा, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी आली की थांबा, तीन चमचे साखर खा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहाही नाही. तो वेळ फिरण्यात घालवणं ही सगळ्यात सोयीची जोडणी. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन लावा.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

छत्रीखालीही घरापेक्षा कितीतरी पट उजेड मिळतो, त्यामुळे रिपरिप असेल तर निघाच. धो धो असेल तर पडवी, जिन्याची मोकळी बाजू, बाल्कनी, आणि वेळ वीसऐवजी चाळीस मिनिटं. साचलेल्या पाण्यातून चालू नका. पायाला जखम असेल तर लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप) भीती असते, मुंबई-कोकणात विशेष. ओले बूट रद्दी कोंबून वाळवा, मोजे रोज बदला, नाहीतर चिखल्या होतात.

थंडीत धुकं आणि धूर असतो. तरी जायचं?

बघून जायचं. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते; त्या झाकणाखाली धूर, धूळ अडकते आणि पहाटेची हवा दिवसातल्या सर्वांत वाईट हवेपैकी असू शकते. ऊन चढल्यावर ते झाकण विरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप उघडा: निर्देशांक १०० पर्यंत असेल तर नेहमीसारखं, १०१ ते २०० मध्ये दमा-हृदयविकार असणाऱ्यांनी सावकाश, २०० च्या वर असेल तर जोराचं चालणं नऊनंतर ढकला आणि सकाळी नुसतं बाल्कनीत उभे राहा. हमरस्त्याच्या कडेने चालण्यापेक्षा गल्लीतून दोन चकरा बऱ्या.

दवात अनवाणी चालल्याने चष्मा सुटतो म्हणतात.

सुटत नाही. नंबर डोळ्याच्या आकारावर असतो, तळव्यांवर नाही. पायांना बरं वाटतं, तेवढ्यासाठी चाला. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर बिलकुल नको. काटा रुतला तरी कळत नाही. उंच गवतात पाय घालू नका, हे सांगायला नको.

कुत्री आणि डास?

भटकी कुत्री अंगावर आली तर पळू नका, थांबा, नजर खाली, हळूहळू बाजूला व्हा. हातात काठी नुसती असली तरी पुरते. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी लस. हळद, मिरची काही लावू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि उजाडल्यानंतरचे दोन तास त्याच्या सोयीचे असतात, म्हणून पावसाळ्यानंतर बागेत पूर्ण बाह्यांचे कपडे.

रात्रपाळी असेल तर?

मग वरचं बरंचसं उलटं होतं. सकाळी घरी येताना उजेड डोळ्यांत गेला तर झोप उडते, त्यामुळे येताना गॉगल घाला (स्वतः गाडी चालवत नसाल आणि पेंगत नसाल तर), खोलीला जाड पडदे लावा. दुपारी उठल्यावर लगेच बाहेर पडा, तीच तुमची सकाळ. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्या, शेवटच्या पाच-सहा तासांत नको.

पाहुण्यांकडे चहाला नाही कसं म्हणायचं? लोकांना राग येतो.

‘मी चहा सोडलाय’ हे वाक्य टाळा. त्यावर अर्धा तास चर्चा होते आणि शेवटी चहा येतोच. दारातच, आधण ठेवायच्या आत, काय हवं ते सांगा: ‘काकू, आज ताक असेल तर द्या’ किंवा ‘थंडगार पाणी आणि तुमचा लाडू’. यजमानाला काहीतरी द्यायचं असतं, चहाच द्यायचा असतो असं नाही. तरी कप आलाच तर बशीत ओतून दोन घोट घ्या. त्याने तीन आठवड्यांची मेहनत वाया जात नाही. लग्न ठरवायला गेला असाल तर मात्र पूर्ण कप प्या.

महिना झाला, सगळं केलं, तरी सकाळी अंग उचलत नाही.

मग कारण सकाळीत नाही. पहिल्यांदा रात्र तपासा: झोप सात तास होते का, अंथरुणात मोबाइल किती वाजेपर्यंत असतो. जोराने घोरणं, झोपेत श्वास अडकल्याचं घरच्यांनी पाहिलेलं असणं आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणं, हे तिन्ही असेल तर झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याची तपासणी हवी. त्याखेरीज हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ब-१२ या चार रक्ततपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. शाकाहारी घरांत शेवटची बऱ्याचदा कमी निघते. पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं आणि कशातच मन न रमणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि सांगताना दिवसाला किती कप चहा होतो हेही न लपवता सांगा.